दोन गाड्यांमधला मुराळी

समोरच्या गाडीच्या खिडकीत माझे वडील होते.

ते तिथं असायला नको होते. ते नाशिकला, आमच्या घरी, रेडिओशेजारच्या खुर्चीत असायला हवे होते. आदल्या दिवशी पाडव्याला मी त्यांना त्याच खुर्चीत सोडून परभणीला गेलो होतो, सिंधूआत्याला आणायला. आता भाऊबीजेच्या दिवशी आत्याला घेऊन परत निघालो होतो. औरंगाबाद मागं पडलं होतं आणि बोरगव्हाण रोड नावाच्या, कुणालाही जिथं जायचं नसतं अशा स्टेशनावर आमची गाडी क्रॉसिंगला थांबली होती. तेव्हा तिथं एकेरी मार्ग होता. समोरून येणारी गाडी आली की मग आपण सुटायचं.

समोरून येणारी गाडी आली. तिच्यात, गजांना नाक टेकवून, बाबा.

"आत्या," मी म्हणालो, "बाबा."

"कुठं?"

"समोर."

आत्यानं चष्मा पुसला, लावला, बघितलं आणि हाक मारली. अण्णा, म्हणजे तिचे यजमान, गेल्यापासून पिठाची गिरणी ती एकटी चालवायची. त्यामुळं हळू बोलणं तिला माहीतच नव्हतं.

"भाल्या!"

दोन्ही गाड्या गप्प झाल्या.

त्यांना जरा तसंच राहू दे. आधी पाट सांगितला पाहिजे.

*

पाट सागवानी होता, पितळी फुल्यांचा. आत्यानं तो परभणीहून बरोबर घेतला होता, कारण "तुमच्या घरी आता डायनिंग टेबल आहे म्हणे. टेबलावर बसवून ओवाळू का भावाला?"

आत्या आणि बाबा नऊ वर्षं बोलत नव्हते. का, ते आम्हाला कुणालाच ठाऊक नव्हतं. बाबांना विचारलं की ते म्हणायचे, तिला विचार. आत्याला विचारलं की ती गिरणी चालू करायची.

त्या वर्षी लक्ष्मीपूजनाच्या रात्री बाबा एकदम म्हणाले, "जा, आक्काला घेऊन ये. मुराळी म्हणून जा."

मुराळी म्हणजे माहेरहून लेकीला न्यायला येणारा माणूस. पूर्वी पोरी लहान असायच्या, वाटेत जंगल असायचं. आत्या अठ्ठावन्न वर्षांची होती. सासरी म्हणाल तर ती, गिरणी आणि एक मांजर एवढेच उरले होते.

"तुम्हीच जा ना," मी म्हणालो.

"ती माझ्याबरोबर येणार नाही."

"मग माझ्याबरोबर येईल?"

"तुझ्याबरोबरही नाही येणार. पण जा."

मी गेलो. आत्या दारात उभी राहिली, पदर पिठानं पांढरा.

"कोण म्हणून आलास?"

"मुराळी म्हणून."

"हा शब्द तुझ्या बापानं वापरला?"

"हो."

ती आत गेली. गिरणीचा पट्टा फडफडत थांबला. मग इतकी शांतता झाली की शेजारची माणसं काय झालं म्हणून बाहेर आली.

"ऐक," आत्या म्हणाली. "मुराळ्यानं सामान उचलायचं. मुराळ्यानं खिडकी मागायची नाही. मुराळ्यानं वाटेत झोपायचं नाही. आणि बाईला एकटं सोडून मुराळ्यानं कुठंच जायचं नाही, लघवीलासुद्धा."

"आत्या!"

"बरं, तिथं जा. पण सांगून जा. आणि उद्या दिवस मावळायच्या आत माझं ओवाळणं झालं पाहिजे. नाही झालं तर मी परत येणार, ते कायमचं."

नाशिकला गाडी अंधार पडल्यावर पोचते, हे मी सांगितलं नाही. गाड्यांची वेळ कुणाला सांगावी, कुणाला नाही, हे मुराळ्याला कळलं पाहिजे.

दिवाळीला जोडून रविवार आला होता. सगळा मराठवाडा कुठून तरी कुठं तरी निघाला होता. आमची दोन आसनं राखीव होती, त्यांवर सात माणसं. पाट मी मधल्या वाटेत ठेवला, त्यावर आणखी तीन. जालन्याला चढलेले एक बियाणेवाले गृहस्थ त्या पाटावर असे बसले, की जणू आत्या त्यांनाच ओवाळणार होती. बसण्याचं भाडं म्हणून त्यांनी मला ज्वारीच्या बियाण्याची नमुन्याची पुडी दिली. दाणे गुलाबी होते.

"खाऊ नका हं," ते म्हणाले. "औषध लावलंय."

मी पुडी खिशात टाकली. एवढंच. आता खिडकीत परत.

*

"भाल्या! तू इथं काय करतोयस?"

"तुला न्यायला चाललोय!" बाबा ओरडले.

"मी निघाले ना! हा काय मुराळी!" आत्यानं माझी मान धरून मला खिडकीत दाखवलं.

"मला वाटलं तू येणार नाहीस!"

"येणार नाही असं वाटलं म्हणून आलास? येणार असं वाटलं असतं तर आला नसतास?"

बाबांनी यावर विचार केला. दोन्ही गाड्यांनी केला.

"मुराळी म्हणून पोरगं पाठवलं, तुला राग येईल असं वाटलं," बाबा म्हणाले. "म्हणून मीच निघालो."

"राग आला नव्हता! आता आला!"

"आक्का, तू उतर आणि या गाडीत ये."

"कामून?"

"परभणीला जाऊ. मग मी तुला तिथून घेऊन निघतो. रीतसर."

"अरे, मी तिथूनच आले!"

"पण न्यायला मी नव्हतो ना."

आमच्या डब्यात कुजबूज सुरू झाली. बियाणेवाले पाटावरून उठले. तेवढ्यात पाटावर दुसरं कुणीतरी बसलं.

"त्यांचं बरोबर आहे," बियाणेवाले म्हणाले. "माहेरवाशीण उंबऱ्यावरून न्यायची असते. वाटेतून उचलत नसतात."

"काय बोलता हो?" बांगड्यांची पेटी मांडीवर घेऊन बसलेल्या बाई खवळल्या. "सणाला निघालेली बाई अर्ध्यातून माघारी फिरते का? अपशकुन आहे. त्या बुवालाच म्हणावं, तू इकडं ये."

"ऐकलंस?" आत्या ओरडली. "तूच ये इकडं!"

समोरच्या गाडीत बाबांच्या मागं एक फेटेवाला उभा राहिला. "का म्हणून? भाऊ घरून निघालाय! आता रिकामा परत जाईल का?"

"रिकामा कुठं? बहीण आहे की!"

"बहीण तर तुमच्या गाडीत आहे!"

"मग यावं की आमच्या गाडीत!"

हे बराच वेळ चाललं. मी काही बोललो नाही. मुराळ्यानं मध्ये बोलायचं की नाही हे आत्यानं सांगितलं नव्हतं.

मग शिट्टी झाली. कुठल्या गाडीची, कळलं नाही.

यापुढचं दोनदा सांगावं लागेल, कारण ते दोन्हीकडं एकाच वेळी झालं.

इकडं: आत्या उठली. "त्याला लहानपणापासून हट्ट करायची सवय आहे. मीच मोठी." ती पाटावरच्या माणसांना ओलांडून, बांगडीवाल्या बाईंच्या पेटीवर पाय न देता, दारातून खाली रुळांमध्ये उतरली आणि समोरच्या गाडीत चढली. तिथल्या लोकांनी तिला वर ओढून घेतलं.

तिकडं: बाबा उठले. "तिनं माझं कधी ऐकलंय? आपणच पडतं घ्यावं." ते फेटेवाल्याला बाजूला सारून पलीकडच्या दारातून उतरले, इंजिनाच्या बाजूनं वळसा घालून आमच्या गाडीशी आले आणि वर चढले. आमच्या लोकांनी त्यांना वर ओढून घेतलं.

मी आत्यामागं उतरलो होतो, पण समोरच्या दारात आता जागा नव्हती. मी दोन गाड्यांच्या मधे खडीवर उभा राहिलो. वर पाहिलं. आमच्या खिडकीत बाबा आले. समोरच्या खिडकीत आत्या आली.

दोघांनी एकमेकांकडं बघितलं.

"तू तिकडं कशाला गेलीस?"

"तू तिकडं कशाला गेलास?"

"मी तुझ्यासाठी आलो!"

"मी काय इथं हवा खायला आले?"

"अहो, कुणीतरी एकानंच हला!" फेटेवाला केविलवाणा होऊन ओरडला. पण दोन्ही गाड्यांत आता एकमत झालं होतं: आपला पाहुणा चुकीचा आहे, तो परत द्यायचा. तिकडून आत्याला खाली सोडलं. इकडून बाबांना खाली सोडलं. मी मधे होतोच.

पुन्हा शिट्टी झाली. समोरची गाडी हलली. आत्या म्हणाली, "जा ना, गेली तुझी गाडी." बाबा म्हणाले, "माझी कसली, मला कुठं परभणीला जायचंय." आत्या म्हणाली, "मग निघालास कशाला?" यावर बाबा उत्तर देत असतानाच आमचीही गाडी सुटली.

दारात बियाणेवाले होते. सगळं सामान आत होतं: आत्याची पेटी, करंज्यांचा डबा, तबक, निरांजन, कुंकू, सुपारी, बाबांसाठी घेतलेली टोपी. बियाणेवाल्यांनी हाताला लागेल ते उचललं आणि आमच्या दिशेनं फेकलं.

पाट खडीवर आपटला आणि सुलटा पडला.

*

नंतर काहीच ऐकू येत नव्हतं. मग एक बकरी ओरडली.

स्टेशनातून सय्यद नावाचे स्टेशनमास्तर आले. एका हातात गुंडाळलेले लाल-हिरवे झेंडे, दुसऱ्या हातात हातबत्ती. अंधार पडायला आला होता म्हणून ती त्यांनी नुकतीच पेटवली होती.

"कुठं जायचंय?"

"परभणी," बाबा म्हणाले.

"नाशिक," आत्या म्हणाली.

सय्यदांनी माझ्याकडं पाहिलं. "आणि तुम्हाला?"

"मी मुराळी," मी म्हणालो.

त्यांनी मान डोलावली. "पॅसेंजर आहेत दोन्हीकडच्या. पण उशिरा. या, फलाटावर बसा."

फलाटावर एकच बाक होता. त्याच्या या टोकाला बाबा, त्या टोकाला आत्या. मी पाट घेऊन उभा. सूर्य जमिनीला टेकला होता, आणि आत्या त्याच्याकडं गिऱ्हाइकाकडं बघावं तशी बघत होती.

"मावळला की झालं," ती म्हणाली. नऊ वर्षांत पहिल्यांदा मी तिला हळू बोलताना ऐकलं.

"आक्का," बाबा म्हणाले, "त्या वर्षी अण्णा गेले."

"मला सांगतोस?"

"वर्षाच्या आत सण करत नाहीत. दुखवट्याच्या घरी मुराळी पाठवला असता, तर तू म्हणाली असतीस, ह्याला दिवाळी सुचतेय. म्हणून नाही आलो."

आत्यानं चष्मा काढून पदराला पुसला.

"मग पुढच्या वर्षी वाटलं, तू आपणहून येशील. नाही आलीस. मग वाटलं, रागावलीस. म्हणून मीही..."

"मी पिशवी भरून बसले होते," आत्या म्हणाली. "गिरणीवर बाया दळण घेऊन यायच्या. त्यांना सांगत होते, आज बंद आहे, मला न्यायला येतायत. दिवस मावळला. मग एकीनं विचारलं, आता तरी चालू करता का? केली चालू."

"आक्का, मला काय माहीत..."

"मला वाटलं, आता माझ्या हातचं ओवाळणं चालत नाही तुला."

"म्हणजे?"

"म्हणजे काय म्हणजे? कपाळ बघ माझं."

बाबांनी बघितलं. आत्याच्या कपाळावर जिथं कुंकू असायचं तिथं पिठाचा पुसट डाग होता. बाबा इतका वेळ बघत राहिले, की बकरीसुद्धा गप्प झाली.

मग ते उठले. माझ्या हातातून पाट घेतला. "पूर्व कुठली?" त्यांनी सय्यदांना विचारलं. सय्यदांनी परभणीच्या बाजूला बोट केलं. फलाटाच्या कडेला पाट मांडून बाबा त्यावर मांडी घालून बसले. मागं बुडता सूर्य, समोर रूळ.

"ओवाळ," ते म्हणाले.

आत्या उठली. इकडंतिकडं पाहिलं. "कशानं ओवाळू? तबक गेलं, निरांजन गेलं. तू उघड्या डोक्यानं बसलास."

"डोक्यावर घ्यायला काही आहे का हो?" बाबांनी विचारलं.

सय्यद घाईघाईनं लाल झेंडा देऊ लागले, मग दचकून थांबले. "लाल नको, लाल नको. मालगाडी यायची आहे, उगाच थांबेल. हा घ्या, हिरवा." बाबांनी हिरवा झेंडा डोक्यावर घेतला. त्याची काठी कानामागून बाहेर आली.

"आणि दिवा म्हणून ही बत्ती चालेल का, ताई? काच पांढरी ठेवतो. पांढऱ्याला काही अर्थ नाही."

"चालेल की. ज्योत असली म्हणजे झालं."

अक्षतांना खिशातली गुलाबी ज्वारी निघाली. "खाऊ नका, औषध लावलंय," मी बजावलं. कुंकू कुठून आणायचं? आत्यानं नुसतंच बोट बाबांच्या कपाळाला टेकवलं आणि जरा दाबून धरलं. डोक्यावरच्या झेंड्यावर ज्वारी टाकली. मग दोन्ही हातांनी बत्ती उचलून तिनं ओवाळायला सुरुवात केली. गिरणीचं मोठं चाक फिरवून फिरवून तिच्या हातांना लहान वर्तुळं माहीत नव्हती. बत्ती बाबांच्या डोक्यावरून, खांद्यावरून, गुडघ्यांवरून मोठ्या घेरानं जायची आणि परत वर यायची.

दुसऱ्या की तिसऱ्या फेऱ्याला लांबून भोंगा वाजला. मग लोखंडावर लोखंड असं किंचाळलं, की बाबांनी दोन्ही कान धरले आणि झेंडा खाली पडला.

"टोपी धर!" आत्या म्हणाली. बाबांनी झेंडा उचलून पुन्हा डोक्यावर घेतला.

मालगाडी थांबली होती. अख्खी, फलाटाच्या अलीकडंच. इंजिनातून ड्रायव्हर उतरला आणि पळत आला.

"बत्ती कुणी दाखवली? काय झालं? रूळ तुटला? कोण पडलं?"

सय्यदांनी कपाळाला हात मारला. "हलवली! कुठल्याही रंगाची बत्ती जोरात हलवली, की थांबा! मी विसरलोच!"

"तुम्हीच म्हणालात, पांढऱ्याला अर्थ नाही," आत्या म्हणाली. तिचे हात थांबले नव्हते.

"हलवली तर असतो अर्थ, ताई!"

"ओवाळायचं म्हणजे हलवायचीच की हो!"

ड्रायव्हरनं फलाटावर पाटावर बसलेल्या माणसाकडं पाहिलं. डोक्यावर हिरवा झेंडा, भोवती फिरणारी बत्ती. "अहो, हिरवा दाखवताय की थांबा म्हणताय? काहीतरी एक ठरवा!"

"थांब रे जरा," आत्या म्हणाली. "ओवाळणं अर्धवट सोडत नसतात."

ड्रायव्हर थांबला. त्यानं चपला काढल्या, का ते त्यालाच ठाऊक.

आत ऑफिसात फोन वाजायला लागला. सय्यद धावत गेले. खिडकीतून त्यांचा आवाज येत होता. "हो साहेब. थांबली, साहेब. नाही, अपघात नाही. भाऊबीज, साहेब." मग बराच वेळ नुसतं ऐकणं. मग त्यांनी फोनच्या तोंडावर हात ठेवून डोकं बाहेर काढलं.

"विचारतायत, झाली का?"

"ओवाळणी राहिलीय," आत्या म्हणाली. तिनं बत्ती बाबांसमोर ठेवली आणि पदर पसरला.

बाबांनी खिसे चाचपले. पाकीट गर्दीत कुठं गेलं कोण जाणे. वरच्या खिशात फक्त तिकीट होतं. ते त्यांनी तिच्या पदरात टाकलं.

तिनं ते बत्तीच्या उजेडात धरून वाचलं. "हे परभणीचं आहे. म्हणजे मला घरी जा म्हणतोस?"

"नाही गं. म्हणजे, मी निघालो होतो."

आत्यानं तिकिटाची घडी केली, पुन्हा अर्धी केली, आणि कमरेला खोचली. मी सूर्याकडं पाहिलं. तो कधीच मावळला होता. आत्या तिकडं बघतच नव्हती. सय्यदांनी हिरवा झेंडा मागितला, ज्वारी झटकली आणि मालगाडीला दाखवला.

*

आत्या नाशिकला आली नाही. "ज्याच्यासाठी निघाले ते झालं," ती म्हणाली, आणि बाबांच्या तिकिटावर परभणीच्या पॅसेंजरमध्ये चढली. पाट तिच्या मांडीवर. मुराळ्यानं बाईला परत पोचवायचंही असतं, म्हणून मी पुन्हा परभणीला गेलो. बाबा एकटे नाशिकला आले. सामान सय्यदांनी फोन करून मनमाडला उतरवून घेतलं होतं, ते बाबांना मिळालं. करंज्यांचा डबा मात्र हलका लागत होता.

त्यानंतर दर भाऊबीजेला ती तिकडून यायची, हे इकडून जायचे. बोरगव्हाण रोडला उतरायचे, फलाटावर पाट मांडायचे. ना तिच्या दारी, ना ह्यांच्या. मालगाड्यांचे ड्रायव्हर ओळखीचे झाले, त्या दिवशी बत्ती हलताना दिसली तरी थांबायचे नाहीत, नुसता भोंगा द्यायचे. सय्यद सांगायचे, त्या पहिल्या वर्षी फलाटाच्या फटीत ज्वारी उगवली होती. औषध लावलेली असूनही बकऱ्यांनी खाल्ली. बकऱ्यांना काही झालं नाही. स्टेशनात बॅटरीचे दिवे आले तेव्हा त्यांनी ती जुनी बत्ती बाबांना देऊन टाकली.

गेल्या उन्हाळ्यात बाबा गेले.

दिवाळीच्या आधी आत्याचा फोन आला. आता ती चौऱ्याऐंशीची आहे. आवाज तोच, मागं गिरणी.

"मुराळी, यंदा कधी निघतोस?"

"आत्या," मी म्हणालो, "बाबांना वर्ष नाही झालं अजून. सण..."

पलीकडं पट्टा फडफडत थांबला.

"हे मी एकदा ऐकलंय," आत्या म्हणाली.

मी म्हणालो, "पण आता दुहेरी मार्ग झालाय, आत्या. क्रॉसिंगच होत नाही. बोरगव्हाणला एकही गाडी थांबत नाही."

"बत्ती कुठाय?"

"बाबांच्या कपाटावर."

"मग तू एसटीनं आधी जाऊन उभा राहा. माझी गाडी दिसली, की हलव."

"आत्या, गुन्हा आहे तो. धरून नेतील."

"मग लवकर जा, म्हणजे ओवाळून होईल," आत्या म्हणाली. "पाट मी आणते."